फॉरमॅटच्या आधी

गणपती उठले की आमच्या घरात दिवाळी अंकाची पानं लागायला लागतात. साताऱ्यात घरी बसून मी डीटीपीची कामं करते. मंडळांचे अहवाल, लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका आणि दोन छोटे दिवाळी अंक. २०२५ च्या सप्टेंबरात, ऐन हंगामात, कॉम्प्युटर सुरू होता होता अडकायला लागला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, कंपनीचं चिन्ह यायचं, त्याखाली विंडोजचे ठिपके गोल फिरायला लागायचे आणि मध्येच थबकायचे. मग माउस हलायचा नाही, कॅप्स लॉकचा दिवाही लागायचा नाही. बटण दाबून धरून बंद करायचं आणि पुन्हा लावायचं, एवढंच हातात. कधी तासाभराने लागायचा, कधी पहिल्याच झटक्यात. हे ‘कधी कधी’ फार वाईट. धड बंदही पडत नाही, आणि भरवसाही ठेवता येत नाही.

दुरुस्तीच्या दुकानात दाखवला, तर तिथल्या मुलाने झाकणही न उघडता सांगितलं, “काकू, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारावं लागेल. तसंही १० नंबरचं विंडोज ऑक्टोबरमध्ये बंदच होतंय, नवीनच घ्या ना.”

यातली ऑक्टोबरची गोष्ट अर्धीच खरी होती. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणजे सुरक्षेचे अपडेट येणं थांबणार होतं. त्यामुळे त्या दिवशी कोणाचा कॉम्प्युटर बंद पडत नाही, आणि त्याच्या महिनाभर आधी तर नाहीच नाही. पण मला खरी धडकी भरली ती ‘फॉरमॅट’ या शब्दाची. माझ्या डिस्कवर वर्षानुवर्षांचं कंपोझिंग आहे. त्यातलं बरंचसं पेजमेकरमध्ये, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधला. तो फाँट नसेल तर ‘संपादकीय’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसतात. छापून झालेले अंक मी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवते, पण चालू अंकाची लेखकांनी तपासून दिलेली पानं याच मशीनमध्ये होती. मी मशीन उचललं आणि घरी आणलं.

मुलगा पुण्याला असतो, हार्डवेअरमधलं त्याला कळतं. फोनवर म्हणाला, “आई, आधी काही खोलू नकोस. नेमका कुठे अडकतोय ते लिहून काढ.” प्रूफांच्या वहीच्या मागच्या पानावर मी नोंदी करायला लागले, आणि पुढचं सगळं त्या पानामुळेच सोपं झालं. कॉम्प्युटर सुरू होतो तो पायरीपायरीने. आधी पॉवर सप्लाय ‘वीज बरोबर आहे’ असा इशारा मदरबोर्डला देतो. मग बोर्ड मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतो. त्यानंतर डिस्कवरचा छोटा प्रोग्राम विंडोजला हाक मारतो आणि शेवटी विंडोज आपले ड्रायव्हर एकेक करून चढवतं. पहिल्या पायरीवर अडकला तर संशय वेगळा, शेवटच्या पायरीवर अडकला तर वेगळा. माझा प्रत्येक वेळी ठिपक्यांवरच अडकत होता. त्याच्या आधी कधीच नाही.

मुलाचा दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर कशाने झालं ते कळत नाही.

सुरुवात उष्णतेपासून केली. मशीन लावून बायोसच्या पडद्यावर तसंच सोडून दिलं. तिथे विंडोजचा संबंध नसतो. तासभर घड्याळाचे सेकंद नीट पुढे सरकत होते आणि प्रोसेसरचं तापमानही ठीक दिसत होतं. तारीख-वेळ बरोबर होती, म्हणजे बोर्डावरची नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरीही शाबूत. मग प्रिंटर, कार्ड रीडर, श्रीलिपीचं लॉक, यूएसबीला जे जे लावलेलं होतं ते सगळं काढलं. सुरू होताना मशीन या प्रत्येकाची विचारपूस करतं, आणि त्यातलं एखादं बिघडलेलं असलं तर तिथेच ताटकळतं. पण सगळं काढूनही ठिपके थांबलेच.

आता मेमरी. प्लग काढला, उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला आणि मगच आत हात घातला. पत्रिकांच्या कात्रणाची धूळ किती बारीक असते ते तिथे दिसलं. सीपीयूच्या पंख्याखाली करड्या लोकरीसारखा थर बसला होता. तो मऊ ब्रशने काढला. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. टोकाच्या खिट्ट्या दोन्ही बाजूंनी दाबल्या की पट्टी टक्कन वर येते. तिच्या कडेचे सोनेरी दात मंद तपकिरी पडले होते. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने दोन्ही बाजूंनी हलकेच घासले, तसे ते लखलखले. रबराचा कीस कोरड्या ब्रशने झटकला आणि खिट्ट्यांचा आवाज येईपर्यंत पट्ट्या पुन्हा बसवल्या. सुरू होताना अडकणारी कितीतरी मशीनं एवढ्यानेच सुधारतात. माझं सुधारलं नाही. तरी मेमरीवरचा संशय अर्धवट ठेवायचा नव्हता. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट उतरवून घेतलं आणि रात्रभर चालू ठेवलं. सकाळी पडद्यावर चुकांच्या रकान्यात शून्य होतं. मेमरी वहीतून खोडली.

पुढची परीक्षा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती कोणालाही घरी करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू लिनक्स पेन ड्राइव्हवर चढवून घेतलं. ते डिस्कवर न बसवता थेट पेन ड्राइव्हवरूनच चालवता येतं, मशीनमधल्या कशालाही धक्का लागत नाही. त्या पेन ड्राइव्हवरून मशीन लावलं, तर ते सरळ सुरू झालं. दुपारभर चाललं, एकदाही अडकलं नाही. बोर्ड तोच, मेमरी तीच, पॉवर सप्लाय तोच. फरक एवढाच की हे सगळं माझ्या हार्ड डिस्कवर अवलंबून नव्हतं.

उबुंटूतच डिस्क तपासायची सोय असते. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. ती उघडली. वर लिहिलं होतं, डिस्क ठीक आहे, आणि त्याच ओळीत पुढे खराब सेक्टरचा आकडा. खालच्या तक्त्यात १९७ क्रमांकाच्या ओळीत ‘पेंडिंग’ सेक्टर. म्हणजे डिस्कला जे वाचता येत नाहीत, पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, असे. केबलमधल्या गडबडीची नोंद १९९ क्रमांकाला असते, तिथे शून्य होतं. म्हणजे केबल निर्दोष. दुसऱ्या दिवशी १९७ चा आकडा वाढलेला दिसला, आणि शंकेला जागा उरली नाही.

मग अडकण्याचा अर्थही लागला. अवघड सेक्टर आला की डिस्क तो सोडून देत नाही, पुन्हा पुन्हा वाचून बघते. कधी कधी मिनिटभर तेच चालतं, आणि तेवढा वेळ विंडोज उत्तराची वाट बघत थांबतं. असे दोन-चार सेक्टर विंडोज सुरू करणाऱ्या फायलींमध्येच असले, की ठिपके गोठले म्हणून समजा. ‘कधी कधी’चं कोडंही सुटलं. काठावरचा सेक्टर एखाद्या वेळी वाचला जातो, एखाद्या वेळी नाही.

आणि फॉरमॅटचा सल्ला किती घातकी होता तेही कळलं. पेंडिंग सेक्टरवर नव्याने काही लिहिलं की डिस्क त्याचा निकाल लावते. लिहिणं जमलं तर तोच सेक्टर पुन्हा वापरात घेते, नाही जमलं तर त्याच्या जागी राखीव सेक्टर लावते. त्यामुळे पूर्ण फॉरमॅट करून विंडोज पुन्हा चढवलं की तीच मरायला टेकलेली डिस्क काही दिवस छान चालते. दुकानदाराला वाटतं, आजार बरा झाला. गिऱ्हाईकालाही तसंच वाटतं. पण त्या फॉरमॅटमध्ये आधीचं सगळं शून्यांनी पुसलं गेलेलं असतं, आणि खराब होणारा पृष्ठभाग तसाच खराब होत राहतो.

म्हणून डिस्क दुरुस्त करायच्या फंदात न पडता आम्ही आधी तिची नक्कल काढली. तेवढ्याच क्षमतेची, १ टीबीची, एसएसडी आणली. मोबाइलचं नेट यूएसबी केबलने मशीनला दिलं आणि डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन उबुंटूत उतरवून घेतलं. अस्पष्ट हस्तलिखित आलं की मी न लागणाऱ्या शब्दांपाशी अडून बसत नाही. तेवढी जागा मोकळी सोडून पुढचं सगळं जुळवते आणि शेवटी त्या शब्दांकडे परत येते. डीडीरेस्क्यू डिस्क वाचतं ते असंच. आधी सहज निघतंय ते काढून घेतं, अडलेल्या जागा टिपून ठेवतं आणि मग त्यांच्याकडे वळतं. ही नोंद एका फाइलमध्ये असते. ती फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवली की लाइट गेली तरी काम थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं. यात धोका एकच, पण मोठा. कुठून कुठे हे दोन डिस्कांच्या नावांनी सांगावं लागतं आणि ती नावं उलटी पडली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. म्हणून दोन्ही डिस्कांच्या लेबलवरचे सिरियल नंबर मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवले, त्याने ते मी पाठवलेल्या पडद्याच्या फोटोशी ताडून पाहिले, आणि मगच एंटर दाबलं.

सुरुवातीला आकडे भराभर चढत गेले. मग एका जागी वेग एकदम पडला आणि डिस्कमधून बारीक कट्-कट् ऐकू यायला लागली. तिथे हात लावायचा नाही, थांबायचं. ती रात्र आणि दुसरा दिवस काम चालू होतं. शेवटी न निघालेला भाग काही केबींएवढाच उरला.

जुनी डिस्क काढून ठेवली, एसएसडी तिच्या जागी लावली. पहिल्यांदा सुरू होताना विंडोजने स्वतःहून फायलींची तपासणी घेतली. ही तपासणी नकलेवरच व्हायला हवी. आजारी डिस्कवर ती चालवली तर तिच्यावर ताणही पडतो आणि लिहिणंही होतं. तपासणी संपली, ठिपके फिरले आणि पडदा उघडला. एका जुन्या लग्नपत्रिकेची फाइल उघडत नाही, तेवढंच गेलं. चालू अंकाची सगळी पानं शाबूत निघाली आणि अंक वेळेवर छापायला गेला. मशीन आता पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर सुरू होतं.

कॉम्प्युटर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कोणाच्या मुलीचा प्रबंध त्यात असतो, कोणाच्या सोसायटीचे हिशेब, कोणाच्या गेलेल्या आईचे फोटो. त्याच्या पोटात काय आहे हे दुकानदाराला माहीत नसतं, तुम्हाला असतं. म्हणून सुरू होताना तुमचं मशीन अडकायला लागलं तर कोणाला फॉरमॅटचं बटण दाबू देण्याआधी दोन गोष्टी मागून घ्या. डिस्कच्या तब्येतीचा तक्ता डोळ्यांसमोर उघडून दाखवायला सांगा. आणि सगळ्या मजकुराची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती तुमच्या हातात द्यायला सांगा. विंडोज पुन्हा कधीही बसवता येतं, पुसलेला मजकूर परत आणता येत नाही. आणि आज तुमचं मशीन सुरळीत चालत असेल, तर नक्कल काढायला आजचाच दिवस चांगला आहे.