चार सेकंदांची शाळा

प्रवासवर्णन लिहावे असा प्रवास आमच्या वाट्यास फारसा आलेला नाही. बडोद्याहून निघावे, पुण्याचे एखादे लग्नकार्य उरकून परत यावे, नाहीतर शाळेची सहल घेऊन पावागडच्या पायऱ्या चढाव्या, एवढीच आमची मजल. त्यामुळे २०२३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कॅलिफोर्नियास पुतण्याकडे जाऊन आलो हे कळताच मित्रमंडळींनी 'काय काय पाहिलेत?' म्हणून घेरले. 'मोटारींची शर्यत पाहिली,' असे आम्ही सांगितले, तेव्हा मराठीच्या या मास्तराची काय गत झाली म्हणून मंडळी मनसोक्त हसली. त्या हसण्यास उत्तर म्हणून हा लेख.

पुतण्या आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा. बंधू अकाली गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पुढे आमच्याच घरी वाढला, इंजिनियर झाला आणि परदेशी गेला. आज तो लॉस एंजलिसच्या पूर्वेस राहतो आणि सुट्टीचा दिवस आला की 'ड्रॅग रेसिंग' नावाच्या शर्यतींना जातो. वहिनींना या गोष्टीची मोठी धास्ती. 'भावोजी, जाताच आहात तर त्याला दोन शब्द सांगा. तुमचे ऐकेल तो,' असे त्यांनी निघताना बजावले होते. तो निरोप घेऊनच आम्ही विमानात बसलो.

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ रस्त्यावरची शर्यत. शेजारी शेजारी दोन पट्टे, त्यांवर दोन मोटारी. ना वळण, ना फेरी. उभ्या जागेवरून सुटायचे आणि ठरलेली रेषा आधी ओलांडायची. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सायंकाळी, पुतण्याने आम्हांस गावाबाहेरच्या एका लहानशा धावपट्टीवर नेले. तेथे जे पाहिले त्याने आमचा ग्रह वाईटच झाला. एक जुनी, खटारा म्हणावी अशी मोटार आधी सोडून दिली; शेजारची झोकदार मोटार मात्र कितीतरी वेळ अडवून धरली. मग ती सुटली, तिने वाटेत पहिलीला गाठून मागे टाकले, रेषाही आधी ओलांडली, आणि हरली! ध्वनिक्षेपकावरून निवेदक चालकांची नावे आणि जाहिरातदारांची नावे एकाच आवेशाने ओरडत होता. आम्ही उठून म्हणालो, "चल रे घरी. हा तर उघड अन्याय आहे."

मोटारीत बसल्यावर पुतण्याने खुलासा केला. या प्रकारात प्रत्येक चालक आपली मोटार किती सेकंदांत पोचेल तो आकडा आधीच जाहीर करतो. तो काचेवर लिहिलेला असतो. दोन आकड्यांत जितके अंतर, तितका वेळ मंद मोटारीला आधी सोडतात. मात्र जाहीर केल्यापेक्षा कमी वेळात कोणी पोचला, तर तो बाद. झोकदार मोटारवाल्याने आपला आकडा मुद्दाम वाढवून सांगितला होता, आणि ते त्याच्या अंगाशी आले. म्हणजे वेगाइतकीच येथे स्वतःविषयी खरे बोलण्याची परीक्षा! आम्हांस वाटले, ही दोन वाक्ये त्या निवेदकाने आधी सांगितली असती तर आमची सायंकाळ फुकट गेली नसती. शाळेत आम्ही हेच पाहत आलो आहोत. उत्तर न येणारे मूल मठ्ठ नसते. पुष्कळदा प्रश्नच त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो.

रविवारी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, आम्ही पोमोनास गेलो. लॉस एंजलिसपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे हे गाव. पोमोना ही रोमन लोकांची फळांची देवता. एके काळी या परिसरात संत्र्या-लिंबांच्या बागा होत्या, त्यामुळे नाव शोभून दिसते. उत्तरेस सॅन गॅब्रियल पर्वताची रांग, आणि पायथ्याच्या सपाटीवर जत्रेचे विस्तीर्ण मैदान. या मैदानाच्या मोटारतळावरच १९५३ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची पहिली अधिकृत शर्यत झाली. संस्था स्थापन झाली १९५१ साली. संस्थापक वॉली पार्क्स. तरुण पोरे भर रस्त्यावर रात्री-अपरात्री मोटारी पळवीत आणि जीव गमावीत. त्यांना नुसते दरडावण्यापेक्षा सुरक्षित जागा आणि नियम द्यावे, हा त्यांचा विचार. पोमोनाच्या पोलिसांनीही त्यास हातभार लावला.

पुढे १९५४ साली पार्क्स यांनी चौघांचे एक पथक मोटारीमागे सामानाची गाडी जोडून देशभर पाठविले. गावोगावी जाऊन सुरक्षित शर्यत कशी भरवावी हे त्यांनी शिकवायचे. आम्हां बडोदेकरांना येथे सयाजीराव महाराजांच्या फिरत्या वाचनालयांची आठवण व्हावी. पेट्यांत पुस्तके भरून ती खेड्यापाड्यांत धाडणारी ती योजनाही अशीच चालती शाळा होती. या चौघांत एक पूर्वी पोमोनाच्या पोलीस खात्यात असलेला गृहस्थ होता, एक मोटारी तपासणारा, एक छायाचित्रकार, आणि चौथा, बड एव्हन्स नावाचा, निवेदक. जेमतेम चार जागा, आणि त्यांतली एक बोलणाऱ्यासाठी राखलेली! न समजणारा प्रेक्षक टिकत नाही, हे त्या मंडळींनी पहिल्यापासून ओळखले असावे.

पोमोनात पुतण्याने आमच्या कानांत बोळे घातले आणि वर जाड कर्णटोपही चढवला. पहिली जोडी सुटली तेव्हा त्याचे कारण कळले. टॉप फ्युएल नावाच्या या मोटारी पंचवीस फुटांहून लांब, पुढे सुईसारख्या निमुळत्या, मागे कमरेएवढ्या उंचीच्या जवळ जाणारी चाके. त्या सुटतात तो आवाज कानांना नव्हे, बरगड्यांना ऐकू येतो. हजार फुटांचे अंतर चार सेकंदांच्या आत संपते, आणि शेवटी वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या पलीकडे जातो. आम्ही डोळे मिटले आणि उघडले, तोवर दूरवर हवाई छत्र्या उघडून मोटारी थांबू लागल्या होत्या.

पण येथला निवेदक जाणता होता. धाव चालू असताना तो गप्प राही. बोलून उपयोगही नव्हता. धावेपूर्वी मात्र तो नेमकी एक गोष्ट पाहायला सांगे, आणि धाव संपल्यावर ती कशी घडली ते उलगडून दाखवी. बी.एड.ला आम्ही हर्बार्टची पंचपदी घोकली होती. पूर्वतयारी करून घेतल्यावाचून विषयाला हात घालू नये, हे त्यातले पहिले सूत्र. येथे चार सेकंदांच्या पाठाला चार मिनिटांची पूर्वतयारी चालली होती. लहानपणी पुण्यास मामांच्या घरी आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे मराठी क्रिकेटवर्णन ऐकताना न पाहिलेले मैदान डोळ्यांपुढे उभे राही, ते आम्हांस आठवले. इंग्रजी उच्चार आमच्या कानांस नवे. जे निसटे ते पुतण्या मराठीत सांगे.

आधी दिव्यांचा खांब. १९६३ पासून तो या खेळात आहे. रंगीत दिव्यांमुळे त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. या मोटारींसाठी तीन पिवळे दिवे एकदम लागतात आणि त्यानंतर सेकंदाच्या चार दशांशांनी हिरवा. हिरव्याआधी सुटला तो तांबडा दिवा लागून बाद. हिरवा लागण्यापासून मोटार हलेपर्यंतचा वेळ निराळा मोजतात, आणि धावेचा वेळ निराळा. धावेचे घड्याळ मोटार जागची हलल्यावरच सुरू होते. पुतण्याने पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. एक चालक ०.०५० सेकंदात हलला आणि ३.७५० सेकंदांत पोचला, बेरीज ३.८००. दुसरा ०.१०० सेकंदात हलला, ३.७२० सेकंदांत पोचला, बेरीज ३.८२०. दुसऱ्याची मोटार अधिक वेगवान, तरी जिंकला पहिला. हे कळल्यावर आम्ही दूरच्या रेषेकडे पाहायचे सोडून सुटण्याच्या क्षणाकडे पाहू लागलो, आणि एकदम शर्यत दिसू लागली.

मग ज्वाळा. इंजिनाच्या दोन्ही बाजूंस चार चार नळ्या वर वळलेल्या, आणि त्यांतून उसळणारे अग्नीचे तुरे. या मोटारींत पेट्रोल नसते. बहुतांश नायट्रोमिथेन आणि थोडे मिथेनॉल. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, नायट्रोमिथेनला १.७ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो. आपला शिधा बांधून येणाऱ्या पाहुण्यासारखे हे इंधन. किलोमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या चौथाईएवढीच. पण तेवढ्याच हवेत ते आठपटीहून अधिक जाळता येते, म्हणून एकूण जोर दुपटीच्या वर जातो. निवेदकाने सांगितले, "आठही तुरे मोजा." पुढच्या धावेत एका नळीतला तुरा विझून पांढरी वाफ दिसली, आणि मोटार एका अंगाला सरकू लागली. एक सिलिंडर बंद पडला होता. हे आमचे आम्हांस कळले! पन्नाशी उलटलेला मुख्याध्यापक बाकावर उभा राहून "सात! सातच!" म्हणून ओरडला, हे विद्यार्थ्यांस कळू नये.

दोन फेऱ्यांच्या मध्ये आम्ही मोटारींच्या तंबूंकडे गेलो. तेथे प्रेक्षकांना मज्जाव नाही. दोरीपलीकडे उभे राहून सर्व पाहावे. नायट्रोमिथेनच्या वासाने डोळ्यांना धार लागते. धावून आलेले इंजिन आठ-दहा जणांनी पाहता पाहता सोडविले आणि तासाभरात पुन्हा जोडले. एकाने क्लचच्या प्लेटा काढून ओळीने मांडल्या. काळ्या, निळ्या पडलेल्या.

पुतण्या म्हणाला, "काका, या मोटारीला गिअर बदलायचे नसतात. सगळी करामत क्लचची. सारी शक्ती एकदम चाकांना दिली तर ती जागच्या जागी फिरतील. म्हणून हा क्लच आधी मुद्दाम घसरू देतात आणि धाव चालू असताना थोडा थोडा आवळत नेतात. घसरून घसरून प्लेटा जळतात. प्रत्येक धावेनंतर तपासायच्या, जळलेल्या बदलायच्या."

त्या मांडलेल्या प्लेटा पाहून आमच्या पोटात कालवले. बंधू गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात याच मुलाने त्यांची स्कूटर अंगणात पूर्ण सोडविली होती, आणि क्लचच्या प्लेटा वर्तमानपत्रावर अशाच ओळीने मांडल्या होत्या. आम्ही शाळेतून आलो तेव्हा तो धावत येऊन म्हणाला होता, "काका, क्लच का घसरतो, सांगू?" आम्ही त्याच्या थोबाडीत दिली. वडिलांची एकुलती वस्तू याने मोडली, एवढेच आम्हांस दिसले. दुसऱ्या दिवशी ते सारे लोखंड भंगारवाल्याने नेले. त्यानंतर त्या मुलाने घरात यंत्राविषयी चकार शब्द काढला नाही.

अखेरची फेरी आली. वर्षाचे अजिंक्यपद या एका धावेवर येऊन ठेपले होते. एका बाजूस डग कॅलिटा, दुसऱ्या बाजूस लिआ प्रुएट. पूर्वी ही शर्यत पाव मैलाची, म्हणजे १३२० फुटांची असे. २००८ साली न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे डगचे चुलतबंधू स्कॉट कॅलिटा यांची मोटार इंजिनाचा स्फोट होऊन थांबू शकली नाही, आणि त्यांचा अंत झाला. तेव्हापासून या मोटारींसाठी अंतर हजार फूट झाले. स्कॉट यांचे वडील कॉनी कॅलिटा हेच डगच्या संघाचे मालक. म्हणजे काका आणि पुतण्या. डग दोन तपांहून अधिक काळ धावत होते आणि अजिंक्यपद सतत हुलकावणी देत होते. त्या दिवशी ते जिंकले. हजार फुटांच्या रेषेवर हवाई छत्री उघडली, तेव्हा त्या अंतराचा अर्थ आम्हांस ठाऊक होता. तो ठाऊक नसता तर ती धाव आम्हांस केवळ गोंगाट वाटली असती.

परतताना अंधार पडला होता. पूजेला उशीर होणार म्हणून सूनबाईंचा फोन येऊन गेला. बराच वेळ गप्प बसून आम्ही म्हणालो, "त्या दिवशी तू मला काय सांगणार होतास?"

कोणत्या दिवशी, हे त्याने विचारले नाही. रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "एकच प्लेट गेली होती, काका. बाकीच्या चांगल्या होत्या. ती बदलली असती तर बाबांची स्कूटर चालली असती."

वहिनींचे दोन शब्द आम्ही त्याला सांगितले नाहीत. उलट परत आल्यावर वहिनींनाच समोर बसवून दिव्यांच्या खांबापासून क्लचपर्यंत सारे समजावून सांगितले. त्यांची धास्ती पुरती गेली असे नाही, पण आता त्या फोनवर लेकाला "आठही तुरे होते का रे?" असे विचारतात, आणि तो तासभर बोलत राहतो.