रक्ताची पैसेवारी

माझ्या वडिलांची उभी हयात महसूल खात्याच्या चाकरीत, अमरावती जिल्ह्यातील निरनिराळ्या साझ्यांवर तलाठी म्हणून गेली. आणि त्यामुळे सेवानिवृत्त होऊन नांदगाव पेठेच्या घरी स्थिरावल्यावरही, कोणताही आकडा समोर आला म्हणजे तो कोणी काढला, कशावरून काढला आणि कोणत्या तारखेपर्यंत चालायचा, हे विचारल्यावाचून त्यांचे समाधान होत नसे. गेल्या भाद्रपदात त्यांना रात्री उताणे निजता येईनासे झाले, लोडाला टेकून बसल्या बसल्या उजाडू लागले, आणि नडगीवर अंगठा दाबला असता पडलेली खळी बराच वेळ भरून येईना, तेव्हा आम्ही त्यांना अमरावतीस हलविले.

तेथे प्रथम ट्रोपोनिनसाठी रक्त घेतले. हृदयाच्या स्नायूतील हे प्रथिन स्नायूला इजा झाली म्हणजे रक्तात उतरते; परंतु ते वाढण्यास काही अवधी लागत असल्याने तीन तासांनी पुन्हा नमुना घेण्यात आला. आकडा जागचा हलला नाही. तेव्हा झटक्याची शंका मागे पडली. मग एनटी-प्रोबीएनपीची तपासणी झाली आणि तिचा आकडा आला ४,८६०.

“काय म्हंते तो कागद? किती दिवसाचा सोबती आहो मी?” वडिलांनी सरळच विचारले.

डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि सावकाश उलगडून सांगितले. हृदयाच्या खालच्या कप्प्यांवर भार पडून त्यांच्या भिंती ताणल्या गेल्या म्हणजे तेथील पेशी हा पदार्थ रक्तात सोडतात. त्याच्याच जोडीने सुटणारे बीएनपी हे संप्रेरक मीठ आणि पाणी मूत्रावाटे बाहेर काढून तो भार हलका करू पाहते. १९८८ साली जपानी संशोधकांना हे संप्रेरक प्रथम डुकराच्या मेंदूत आढळले. ते मुख्यत्वे हृदयातच तयार होते हे मागाहून उमगले. आकडा जितका मोठा, तितके हृदयावर असा भार पडलेल्या रुग्णांमध्ये पुन्हा रुग्णालयात येण्याचे आणि मृत्यूचेही प्रमाण अधिक. मात्र वाढत्या वयाने आणि मूत्रपिंडाच्या अशक्ततेने तो फुगतो, लठ्ठ माणसात उलट कमी दिसतो, म्हणून एका कागदावरून एका माणसाच्या आयुष्याची मुदत ठरवता येत नाही.

“म्हंजे ही नजरअंदाज पैसेवारी झाली,” वडील म्हणाले, आणि त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम, असे पिकाचे आणे-पैसे त्यांनी जन्मभर दप्तरात चढविले होते; ५० पैशांखाली उतरलेल्या गावातही एखाद्याची कपाशी भरघोस आलेली असते, हे त्यांना बांधावर उभे राहून ठाऊक होते. अनेकांच्या अनुभवावरून काढलेला अंदाज एकट्याच्या कपाळी निकाल म्हणून चिकटविण्याची जी घाई आम्हा मुलांना झाली होती, ती त्या एका वाक्याने ओसरली.

घरी सोडताना आकडा २,९१० झाला होता. ४० टक्के उतार. रुग्णालयातील मुक्कामात ३० टक्क्यांहून अधिक उतार पडला तर पुढील वाटचाल बरी असते, असा अनुभव असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. सुरू केलेल्या नव्या औषधाने बीएनपी वाढू शकते, एनटी-प्रोबीएनपीवर तसा परिणाम होत नाही, म्हणून हीच तपासणी पुढेही करायची असे ठरले. रोज सकाळी वजन, लोणचे-पापड बंद, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर तत्काळ कळविण्याची ताकीद. डिसेंबरात १,७८० आला. “अंतिम जाहीर झाली,” असे म्हणून वडिलांनी तो कागद स्वतः फायलीस लावला. आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी, नाडी व रक्तदाब पाहून, औषधाची मात्रा वाढविली.

मला या तपासणीचे मोल तिच्या भाकितात वाटत नाही. कोणाकडे अधिक बारकाईने लक्ष द्यावयाचे आणि कोणाची मात्रा केव्हा वाढवावयाची, हे ती वेळेवर सांगते, हा तिचा खरा उपकार. वडिलांना निवृत्तिवेतनातून हा खर्च झेपला. आमच्याच गल्लीतून औद्योगिक वसाहतीतल्या कापड कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या, किंवा रोजाने कपाशी वेचणाऱ्या माणसाला एका नमुन्याची किंमत कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी पडते; आणि त्याला तर दोन-तीन नमुने लागतील. दम लागलेल्या रुग्णासाठी ही तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य झाली पाहिजे, असा अर्ज वडिलांनी स्वहस्ते लिहून काढला असून, त्यावर गावकऱ्यांच्या सह्या घेण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे.