फुरसतीचा बांध

लहान मुलें असलेल्या घरांत दिवसाकाठीं सर्वांत अधिक वेळां उच्चारला जाणारा शब्द कोणता, याची जर कोणीं मोजदाद केली, तर तो मान निःसंशय ‘लवकर’ या शब्दाकडे जाईल. लवकर ऊठ, लवकर दांत घास, लवकर दूध संपव, लवकर बूट घाल, आणि हें सारें पार पडलें कीं, लवकर नीज! आमच्या घरीं थोरली सात वर्षांची आहे व धाकटा नुकताच चार वर्षांचा झाला. धाकट्याला बोलतां येऊं लागल्यावर ‘आई’, ‘बाबा’ आणि ‘नको’ या तीन शब्दांच्या पाठोपाठ जो चौथा शब्द त्याच्या तोंडीं आला, तो ‘लौकल’ हा होता. जिन्यावर बसणाऱ्या मांजराला तो हा शब्द अगदीं आमच्याच सुरांत ऐकवितो. मांजर मात्र त्याची मुळींच पर्वा करीत नाहीं.

या शब्दाचें मूळ आमच्या राहण्याच्या जागेंत आहे. आम्ही राहतों तळोज्याला. कासाडी नदीच्या आसपासचीं हीं गांवें एके काळीं भातशेतीचीं. पुढें एका अंगाला कारखान्यांची वसाहत उभी राहिली, आणि १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें नवी मुंबई वसवितां वसवितां दुसऱ्या अंगाला उंच इमारतींची वस्ती केली. आतां सकाळीं खिडकी उघडली कीं, एकीकडे डोंगराची निळी रेघ दिसते, दुसरीकडे धुरांडीं दिसतात, आणि वारा कोणत्या दिशेचा आहे हें डोळ्यांच्या अगोदर नाकाला कळतें. मुंबईंत घर घेणें ज्यांना परवडलें नाहीं, अशीं आमच्यासारखीं पुष्कळ कुटुंबें येथें येऊन राहिलीं आहेत. घर स्वस्त मिळालें. त्याची उरलेली किंमत आम्ही दररोज वेळाच्या रूपानें फेडतों. १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू झाली आणि आमची मोठीच सोय झाली. तरी पेंधरला गाडींत बसावयाचें, बेलापूरला उतरून लोकल पकडावयाची आणि पुढचा प्रवास बहुधा उभ्यानें करावयाचा, हा क्रम चुकत नाहीं. पत्नी पनवेलला एका शाळेंत शिकविते. मुलांची बस सात वाजून दहा मिनिटांनीं फाटकाशीं येते. नळाला पाणी सहा ते पावणेसात. घरीं माझी आई असते म्हणून हा सारा गाडा चालतो.

या धांवपळीला नांवें ठेवण्याची अलीकडे एक रीतच पडली आहे. ‘मुलांना त्यांच्या कलानें वाढूं द्या, घाई करूं नका’ असा उपदेश करणारे गृहस्थ मला भेटतात, तेव्हां त्यांच्या घरीं शाळेची बस किती वाजतां येते, हें विचारण्याचा मला मोह होतो. आमच्या बसमध्यें आणखी पंचवीस मुलें असतात. आमच्या धाकट्याला पायरीवरची मुंगी पाहावयाची आहे म्हणून तीं सारीं खोळंबलीं, तर त्या मुंगीची किंमत फारच चढेल. वेळेवर जाणें ही दुसऱ्याच्या वेळाबद्दलची सभ्यता आहे, आणि ती मुलांनीं शिकलीच पाहिजे. पहाटे उठून सर्वांचे डबे भरणारी आई जेव्हां ‘लवकर’ म्हणते, तेव्हां त्या शब्दांत तिची मायाच असते. फक्त ती सावकाश बोलून दाखविण्याची सवड तिला त्या वेळीं नसते.

असें असूनही एक गोष्ट मला नेहमीं जाणवते. मुलें मुळांत मंद नसतात. दिवाणखान्यांतून स्वयंपाकघरांत जावयाचें असलें तरी धाकटा धांवतच जातो. अडचण त्याच्या वेगाची नाहीं, त्याच्या मुक्कामांची आहे. आमच्या जिन्यापासून फाटकापर्यंत अंतर असेल दीडशें पावलें. मला त्या वाटेवर फक्त फाटक दिसतें. त्याला तेथें वॉचमनची काठी, गळक्या नळाखालचें डबकें, मोटारीखालीं निजलेलें मांजर, आणि काल एका जागीं असलेला पण आज दुसऱ्या जागीं गेलेला दगड, असे कितीतरी मुक्काम लागतात. आठवड्यांतले पांच दिवस आम्ही त्याला या मुक्कामांवरून उचलून नेतों. त्याला इलाजही नाहीं. पण त्यामुळें आपल्याच मुलांचा आपल्याला जो परिचय घडतो, तो बराचसा पाठमोरा असतो. पाठीवर दप्तर, आणि मागून आमचा हात. तीं वाटेंत काय पाहत होतीं, हें आम्हांला कळत नाहीं. आणि ज्या वयांत माणूस हें सारें पाहतो, तें वय तर कोणासाठीं थांबत नाहीं.

यंदां हिवाळ्याच्या तोंडीं शनिवार-रविवार साधून आम्ही माथेरानला गेलों. थोरलीनें शाळेंत तळ्याचें चित्र काढलें होतें आणि खरें तळें पाहावयाचा हट्ट धरला होता. माथेरानला शार्लट तलाव आहे, तळोजा आणि माथेरान हीं एकाच रायगड जिल्ह्यांतलीं, आणि दोन दिवसांत जाऊन येतां येतें, एवढ्यावर बेत ठरला. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें आई ‘तुम्ही जा, मी घर सांभाळते’ म्हणत होती. पण ‘आजी नाहीं तर मी नाहीं’ असें धाकट्यानें जाहीर केल्यावर तिचा निरुपाय झाला.

नेरळला आम्ही छोट्या गाडींत बसलों. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या उद्योगानें १९०७ सालीं सुरू झालेली ही गाडी दोन फूट रुंदीच्या रुळांवरून चालते, आणि सुमारें एकवीस किलोमीटरची वाट चढायला दोन तासांहून अधिक वेळ घेते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशीं स्टेशनें घेत, वळणांमागून वळणें घेत ती वर जाते. २००५ च्या अतिवृष्टींत तिच्या मार्गाची मोठी नासधूस झाली, पुढेंही ती बंद पडली आणि पुन्हां चालूं झाली. लवकर पोंचण्यासाठीं या गाडींत कोणी बसत नाहीं. पहिला अर्धा तास मी संवयीनें घड्याळाकडे पाहत होतों. पुढें त्यांत पाहण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

माथेरानांत मोटारींना मज्जाव आहे. त्या दस्तुरी नाक्याशीं थांबतात. रुग्णवाहिका आणि अलीकडे आलेल्या विजेच्या रिक्षा सोडल्या, तर पुढें पाय किंवा घोडा. बाजारापासून तलावापर्यंतची तांबड्या मातीची वाट धडधाकट माणसाला अर्ध्यापाऊण तासाची. आम्हांला दोन तास लागले. मी आणि थोरली पुढें, पत्नी मध्यें, आणि आई व धाकटा मागें, अशी आमची दिंडी निघाली. थोड्याच वेळांत माझ्या ध्यानांत आलें कीं, आई आणि धाकटा यांची चाल तंतोतंत एक आहे. ती दहा पावलांनीं गुडघ्यासाठीं थांबे. तो दहा पावलांनीं कशासाठीं तरी थांबे. तिनें काठी टेकून उभें राहावें आणि त्यानें तेवढ्यांत खालचें पान उलटून पाहावें. एकमेकांमुळें आपला खोळंबा होतो आहे, असें दोघांच्याही मनांत येत नव्हतें. आईनें त्याला हिरड्याचें फळ ओळखायला शिकविलें, जांभळीचें खोड दाखविलें, माकडांपासून खाऊ कसा लपवावा तें सांगितलें. त्यानें तिला मेलेल्या भुंग्याला ओढीत नेणारी मुंग्यांची एक रांग दाखविली. घोडेवाले जवळ येऊन म्हणत, ‘आजी, बसा घोड्यावर, लवकर पोंचाल.’ आई हंसून म्हणे, ‘अरे बाबा, लवकर पोंचून करूं काय?’ शेवटीं पुढें गेलेलीं आम्ही माणसें मागें वळलों, कारण पाहण्यासारखें जें कांहीं होतें, तें सारें मागेंच घडत होतें.

तलाव दिसला तेव्हां ऊन कलूं लागलें होतें. भोंवतीं झाडी, एका अंगाला बांध, कांठाशीं पिसरनाथाचें मंदिर, आणि मध्यें न हालणारें पाणी. थोरलीनें तळोज्याहून पोहण्याचें रबरी चक्र आणलें होतें. हें पाणी गांवाच्या पिण्याचें आहे, त्यांत आपण उतरावयाचें नाहीं, असें सांगतांच तिचा चेहरा पडला. तेव्हां आई तिला जवळ घेऊन म्हणाली, ‘आमच्या गांवीं पेणकडे दोन तळीं होतीं. एक गुरांचं आणि एक पिण्याचं. पिण्याच्या तळ्यांत नुसता पाय बुडवला तरी माझे वडील काठी घेऊन येत. तेंच पाणी वैशाखापर्यंत पुरवायचं असे.’

थोरली बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग तिनें विचारलें, ‘आजी, हें पाणी कुठंच जात नाहीं?’

‘पावसाळ्यांत भरून वाहतं गं. एरवीं असतं आपलं इथंच.’

‘मग याला कुणी लवकर म्हणत नाहीं वाटतं!’

आम्ही सारींच हंसलों. पण त्या हंसण्यानंतर कोणी लगेच कांहीं बोललें नाहीं.

घरीं परतल्यावर तो तलाव माझ्या मनांतून जाईना, आणि तलावापेक्षांही त्याचा बांध जाईना. डोंगरमाथ्यावर पाऊस अतोनात पडतो आणि तितक्याच वेगानें उतारावरून निघून जातो. तो अडविला म्हणून उन्हाळ्यांत गांवाला पाणी मिळतें. त्या पाण्याची शांतता माणसांनीं दगड रचून मिळविलेली आहे. माथेरानच्या संथपणाचेंही तसेंच. १८५० सालीं ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तो डोंगर चढून गेला आणि तेव्हांपासून तें हवा खाण्याचें ठिकाण झालें. अशीं ठिकाणें दुसरींही पुष्कळ झालीं. पण त्यांच्यांत रस्ते गेले, मोटारी गेल्या, आणि त्यांच्याबरोबर घाईही आंत शिरली. माथेरानांत ती शिरली नाहीं, कारण तेथें मोटारींची बंदी टिकून राहिली. आणि २००३ सालीं केंद्र सरकारनें तो प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून जाहीर केल्यावर तिला अधिक बळ आलें. याची किंमत तेथील लोक देत असतात. सामान घोड्यावरून नाहीं तर डोक्यावरून न्यावें लागतें, म्हाताऱ्या-आजाऱ्यांना ने-आण करणें सोपें नसतें. विजेच्या रिक्षा आल्या त्या याच गरजेपोटीं. संथपणा फुकट मिळत नाहीं, हें दोन दिवसांच्या पाहुण्यापेक्षां तेथल्या हमालाला अधिक कळतें.

फुरसतीची गोष्ट मला यासारखीच वाटते. कामें संपलीं म्हणजे ती आपोआप मागें उरेल, अशी आपली समजूत असते. संसारांत कामें संपत नाहींत, म्हणून ती कधीं उरतही नाहीं. ओढ्याला ‘वाहूं नको’ म्हणून सांगण्यांत अर्थ नसतो. शाळेच्या दिवशीं सकाळीं तळोज्याच्या घरांत ‘लवकर’ म्हणावेंच लागेल, आणि तें म्हणण्यांत कांहीं पाप नाहीं. मात्र त्याच्या एखाद्या धारेला मनांत आणलें तर बांध घालतां येतो. आणि तो घातल्यावांचून तळें होत नाहीं.

आम्ही तसा एक लहानसा घातला आहे. रविवारीं सायंकाळीं पांच ते सहा या तासांत घरांत ‘लवकर’ हा शब्द वर्ज्य. त्या तासांत आम्ही पांचही जण वसाहतींतल्या रस्त्यानें चालायला निघतों, आणि कोठें थांबावयाचें व कोठून परतावयाचें, हें आई आणि धाकटा ठरवितात. फोन घरीं राहतो. कधीं आम्ही मेट्रोच्या खांबांपर्यंत पोंचतों. कधीं फाटकाच्या पुढें फारसे जातच नाहीं. दुसऱ्याच रविवारीं फाटकाबाहेरच्या पडीक जागेंत टिटवीचें एक जोडपें राहतें, हा शोध थोरलीनें लावला. त्या जागेवरून आम्ही तीन वर्षें येत-जात होतों. बांधाला गळती आहेच. पाहुणे येतात, कोणाला ताप येतो, परीक्षा जवळ येते, आणि एखादा रविवार कोरडा जातो. पण पुढचा भरतो.

आरंभीं हा तास मी मुलांच्या खातीं मांडीत होतों. अलीकडे आईकडे पाहतांना त्या खात्यांत मला आणखी एक नांव दिसूं लागलें आहे. धाकट्याची आणि तिची चाल आज सारखी आहे. पण ती फार दिवस सारखी राहणार नाहीं. त्याचे पाय लांब होत आहेत आणि तिचीं पावलें आंखूड. वर्षा-दोन वर्षांत तो पुढें निघून जाईल आणि ती मागें राहील. त्या वेळीं त्यानें आपण होऊन मागें वळून थांबावें, असें मला वाटतें, आणि तें उपदेशानें शिकवितां येणार नाहीं. आणखी तीस वर्षांनीं त्यालाही कोठली तरी गाडी पकडावयाची असेल, आणि मागून काठी टेकीत येणारा म्हातारा मी असेन. तेव्हां त्यानें ‘बाबा, लवकर’ म्हटलें, तर त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु एखाद्या सायंकाळीं हातांतलें काम ठेवून त्यानें मला विचारावें, ‘बाबा, आज कुठपर्यंत जायचं?’ त्या एका प्रश्नापुरतें पाणी आम्ही आतांपासून अडवून ठेवीत आहोंत.