रुजुवात

माझे वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, आणि दिवेलागणीला ते घरी परतत तेव्हा त्यांच्या बोटांवर शाई व जिभेवर ‘रुजुवात’ हा शब्द शिल्लक असे. नक्कल तयार झाली की एकाने मूळ दस्तऐवज मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवावे, आणि अक्षरन्अक्षर जुळल्याची खातरजमा झाल्यावरच नक्कल करणाराची एक व रुजुवात घेणाराची दुसरी अशा दोन सह्या खाली पडाव्यात, हा त्यांच्या दफ्तराचा शिरस्ता. एका सहीचा कागद त्यांच्या लेखी कागदच नव्हता. दुसऱ्या सहीचे माहात्म्य मला मात्र फार उशिरा, उतारवयात, आणि तेही एका संगणकासमोर बसून कळले.

हा संगणक माझ्या भाच्याने सुटे भाग जुळवून बांधून दिला. त्यात 8 जीबीच्या दोन रॅमपट्ट्या होत्या. त्यांचा वेग 3200, विद्युद्दाब 1.35 व्होल्ट आणि मागितलेली माहिती हाती देण्याचा विलंब 16 ठोके, अशी निर्मात्यानेच लिहून दिलेली प्रतिज्ञा होती. ती तशीच राहू दिली असती तर या निबंधाला विषय मिळाला नसता. परंतु निवृत्त माणसाला घाईची हौस विलक्षण असते. “मामा, थोडं वाढवलं तर काही होत नाही,” असे भाचा म्हणाला, आणि आम्ही वेग 3600 करून विलंब मात्र 16 ठोक्यांवरच ठेवला. हिशेब मांडला तर या साहसाची सारी कमाई एवढीच, की पूर्वी 10 नॅनोसेकंदांत मिळणारे उत्तर आता 8.9 नॅनोसेकंदांत मिळू लागले. म्हणजे ज्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम फूटभर सरकतो, तेवढ्या अवधीची मला बचत झाली.

पौष-माघात सारे सुरळीत चालले. चैत्राचे ऊन खोलीत उतरू लागले तशी यंत्राची प्रकृती बिघडली. कधी पडदा निळा होऊन यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई, आणि दर वेळी कारण निराळे सांगे. कधी गुंडाळून ठेवलेली फाइल उलगडताना ‘बेरीज जुळत नाही’ अशी तक्रार येई आणि तीच फाइल पुन्हा उलगडली की निमूट उलगडे. मी प्रथम विजेच्या दाबावर, मग प्रिंटरवर आणि शेवटी स्वतःच्या वयावर आरोप ठेवले. पण एके दिवशी वडिलांच्या रोजनिशीचे स्कॅन केलेले एक पान उघडले, तर त्याचा खालचा अर्धा भाग राखाडी पट्ट्यात बुडालेला. आणि तो बिघाड पडद्यावरचा नव्हे, तर डिस्कवर कायमचा लिहिला गेलेला. स्मृतीने चुकीचे सांगितले होते, आणि विश्वासू यंत्राने ते खरे मानून दफ्तरी दाखल केले होते.

मग मी या स्मृतीचे मूळ शोधू लागलो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना 1968 मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, त्या रचनेत प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विद्युद्भार साठवणारा एक चिमुकला कपॅसिटर असतो. हा कपॅसिटर म्हणजे झिरपणारा माठ. म्हणूनच प्रत्येक ओळ दर 64 मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावी लागते, आणि चिप 85 अंशांच्या वर तापली तर ही मुदत निम्म्यावर येते, कारण उष्णतेने झिरपणे वाढते. विस्मरण हा या स्मृतीचा स्थायीभाव. आवर्तन थांबले की विद्या गेली. त्यात आपण ठोका आखूड केला, म्हणजे संकेत पोचून स्थिरावण्याची उसंतही घटते, आणि 16 जीबीतल्या 13,700 कोटींहून अधिक बिटांपैकी एखादा घाईत उलटा वाचला जातो. मोठ्या सर्व्हरमध्ये 64 बिटांमागे 8 बिट केवळ पडताळणीसाठी राखलेले असतात. तिथे रुजुवात घेणारा कारकून सदैव हजर असतो. माझ्या घरगुती यंत्रात ती जागा रिकामी होती.

ती जागा काही दिवस मेमटेस्टकडे सोपवली. हा प्रोग्रॅम स्मृतीच्या प्रत्येक घरात एक नमुना लिहितो, वाचून पाहतो, मग त्याचा उलटा नमुना लिहितो, आणि एकदा खालून वर तर एकदा वरून खाली फिरतो. घनपाठी वैदिक पदे सुलट-उलट गुंफून म्हणतात, ते एका स्वराचीही चूक लपू नये म्हणून, हेतू तोच. प्रथम बायोसमधल्या सर्व नोंदी मूळपदावर आणून रात्रभर परीक्षा घेतली: चूक शून्य. मग निर्मात्याच्या 3200 वर: शून्य. 3600 वर एकेक पट्टी स्वतंत्र बसवली: शून्य. दोन्ही एकत्र बसवल्या, तर रात्री शून्य आणि भर दुपारी तिसऱ्या फेरीत दोन चुका, त्याही दर वेळी निराळ्या पत्त्यावर. पट्टी सदोष असती तर चूक एकाच घराला चिकटून राहिली असती. ही भटकी चूक उष्णतेची आणि माझ्या लोभाची होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाळला म्हणूनच हा निवाडा करता आला.

उपाय दोन होते. विद्युद्दाब वाढवावा, तर उष्णता वाढणार; विलंब 18 ठोके करावा, तर 3600 वरही उत्तर 10 नॅनोसेकंदांनीच येणार, म्हणजे फिरून मूळ विलंबालाच येऊन पोचणार. भाच्याला हा हिशेब दाखवला, तेव्हा तो हसून म्हणाला, “मग राहू दे ना मामा, 3200 च बरं.”

आता वेग 3200 आहे, आणि भर वैशाखात, दुपारच्या वेळी, चार फेऱ्या निर्दोष पार पडल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून मी ती कॅबिनेटच्या आतल्या बाजूस चिकटवली आहे. राखाडी पट्ट्यात बुडालेले पान ट्रंकेतल्या रोजनिशीतून काढून पुन्हा स्कॅन केले. वडिलांच्या अक्षरातली शाई साठ वर्षांत थोडी विटली आहे, पण एकही अक्षर बदललेले नाही.