जिरायती आणि बागायती

निमोण्यात ऊसतोड सुरू झाली की एखाद्या टर्बो पिकअपच्या पुढच्या जाळीत डोकावून बघा. रेडिएटरला खेटून एक चपटा गडी उभा असतो. अंगभर ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे, त्यांत पाचटाची कुसळं आणि एखाद्या टोळाचा पंख. हा इंटरकूलर. टाटाच्या 697 इंजिनानं तर नावापुढं ‘टीसीआयसी’ अशी पदवीच लावली. त्यातलं ‘आयसी’ म्हणजे हेच महाराज.

काम एकच, तापलेल्याला निववणं. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना बुडाशी हात भाजतो, तोच प्रकार. 35 अंशांची हवा दुप्पट दाबली की 130 च्या आसपास जाते. ती 60 वर आणली, तर तेवढ्याच जागेत पाचवा हिस्सा जास्त मावते. इंजिनाला तेवढाच घास मोठा.

हा गडी जिरायती. सगळी भिस्त वाऱ्यावर. न्हावऱ्याच्या मोकळ्या रस्त्याला गाडी सुटली की कामाला वाघ. शिक्रापूरच्या कोंडीत अडकली की तोंड पाडून बसणार. पहिल्या फॉर्च्युनरमध्ये तर त्याला थेट इंजिनाच्या डोक्यावर बसवलं होतं, वर बॉनेटला वारा प्यायला नाकपुडी. ऐट मोठी. पण सभेबाहेर गाडी एसीसाठी चालू ठेवली, की खालून धग आणि वरून ऊन. साहेबांचं भाषण लांबेल तसा हा तापायचा.

मागणं मात्र काही नाही. फक्त धुताना प्रेशरची धार तोंडावर मारू नका. पापुद्रे आडवे झोपतात आणि वारा अडतो. होज निसटला तर ‘फट्ट’ करून काळा धूर सोडतो, चढाला गाडी दम टाकते आणि लोक शिव्या घालतात डिझेलला.

दुसरा भाऊ बागायती, भिस्त पाण्यावर. चिंचणीच्या घोड धरणाचं पाणी लागलेल्या रानासारखा. चाकणच्या टायगुनमध्ये, 1.0 टीएसआय इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डच्या पोटात तो सोवळ्यात राहतो. इंजिनाचं 90 अंशांचं उष्टं पाणी त्याला चालत नाही. वेगळी लाइन हवी, विजेची मोटर हवी. हवेला लांबचा फेरा पडत नाही, त्यामुळं पाय दाबताच हजर. कधीकधी गाडी बंद करून चावी खिशात टाकली तरी बॉनेटखाली गुणगुण चालूच. नवा मालक घाबरून शेजाऱ्याला बोलावतो, “बघा हो, काय वाजतंय?”

स्वभाव खोल. एखादा जोराचा दम पाणी पोटात घेतं, चेहऱ्यावर दिसू देत नाही. सलग रेटलं की मात्र पाणीच तापतं आणि लवकर निवत नाही. थोरला चटकन तापतो, चटकन विसरतो. धाकटा डूख धरतो. त्यात मोटर रुसली किंवा लाइननं हवा धरली की सगळी बागायत वाळली. कोंडीतून रोज पुण्याला जायचं तर धाकटा बरा. पाचटाच्या वाटेवर मी थोरल्यालाच हाक मारीन.

धाकट्याची एक गोष्ट तो स्वतःहून सांगणार नाही. त्याचं तापलेलं पाणी निवायला पुढच्या जाळीमागच्या छोट्या रेडिएटरमध्येच येतं. तिथं तेच पाचट, तोच टोळाचा पंख, आणि तोच न्हावऱ्याच्या रस्त्याचा वारा.