हरेगावच्या माउलीकडे

७ सप्टेंबर, कल्याण
कोळसेवाडीतल्या मावशींची बॅग भरून तयार. हरेगावच्या मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा दरवर्षी ८ सप्टेंबरच्या, तिच्या जन्मदिवसाच्या, आसपासच्या शनिवार-रविवारी भरते. बॅगेत मेणबत्त्यांचा पुडा, जपमाळ आणि नारळ. नारळाकडे मी जरा जास्तच वेळ बघितलं असावं. "मोकळ्या हातानं जायचं का माउलीच्या दारात?" त्या म्हणाल्या. नातवाचा नवस आहे. मीही निघालो.

९ सप्टेंबर, श्रीरामपूर
अनंत चतुर्दशीची गर्दी टाळायला सकाळीच नगरची एसटी धरली. माळशेजला धुकं. नगरहून पुढची गाडी मिळेतो जीव मेटाकुटीला आला. मुक्काम मावशींच्या बहिणीकडे.

१० सप्टेंबर, हरेगाव
पाळणे, बांगड्या, रेवड्या, शिट्ट्या. कोणत्याही गावच्या जत्रेत असतं ते सगळं. माउलीपुढे मात्र मेणबत्त्यांची धग अशी की पुढची रांग तोंड फिरवून हात तेवढा लांब करत होती. एका म्हातारीने झेंडूचा हार वाहिला, मूर्तीकडे बघत कानशिलावर बोटं मोडली आणि छातीवर क्रूस केला. मावशींनी नातवाला पुढे ढकललं, "पाया पड." मग पदराचं टोक हातात धरून त्या बराच वेळ माउलीशी बोलत राहिल्या. पोरगा कंटाळून पाळण्याकडे बघत होता.

१९४९ साली जेझुइट फादरांनी ही यात्रा सुरू केली, असं सांगतात. ते खरंच आहे, पण अर्धंच. मूर्ती, नोव्हेना, मिस्सा चर्चने दिली. नवस बोलणं, फेडणं, लेकीबाळींना घेऊन माळावर पथारी टाकणं हे इथल्या माणसांनी आपल्यासोबत आणलं. आणि ही माणसं कोण? बहुतेक पूर्वाश्रमीचे महार-मांग, गावकुसाबाहेरचे. गावच्या देवळात ज्यांना पायरीही नव्हती, त्यांची ही देवी. याच हरेगावात १६ डिसेंबर १९३९ रोजी डॉ. आंबेडकरांनी वतनदार महार-मांगांच्या परिषदेत महारकीच्या जाचाविरुद्ध आवाज उठवला होता. यात्रेच्या दहाच वर्षं आधी. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना इथलाच; तोही केव्हाच बंद पडला. यात्रा मात्र वाढतेच आहे.

११ सप्टेंबर
मिस्सा मराठीत, गाणी पेटी-तबल्यावर. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक प्रॉटेस्टंट, इथले यात्रेकरू कॅथलिक. पण १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या त्या कवीने याच नगर जिल्ह्यात ख्रिस्ताला अभंग-भजनात आणलं, ते वळण या गाण्यांत कानाला ओळखू येतं. पाऊस आला. कुणी उठलं नाही.

१३ सप्टेंबर, कल्याण
ऑफिसात एकाने विचारलं, "ख्रिश्चन आणि नवस? हे कसं काय?" विचारणारा दर माघी पौर्णिमेला मलंगगड चढतो. तिथल्या दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या एका ब्राह्मण घराण्याकडे आहे, हेही त्यानेच मला मागे सांगितलं होतं.