वंशावळीबाहेरचे नाव

आमच्या देवघरात एक वंशावळ टांगलेली आहे. आजोबांनी ती बाळबोध वळणाने स्वहस्ते लिहिली. मुळाशी एक पुरुष, त्याच्यापासून फुटलेल्या शाखा, आणि सात पिढ्यांत मिळून त्रेचाळीस नावे. ती सर्व पुरुषांची. बाल्यापासून आम्ही तिला नमस्कार करीत आलो. तिच्यात काही उणे आहे अशी शंकाही कधी मनाला शिवली नाही.

गेल्या वर्षी वडील निवर्तले. घर आणि कुळागर यांच्या वारसाहक्काचा लेख करणे प्राप्त होते. दुसऱ्यांचे असे लेख आम्ही वीस वर्षे करीत आलो आहोत. आपल्या घराचा करताना मात्र हात जड झाला. घराच्या मूळ मालकीचा पुरावा हवा, म्हणून आम्ही जुन्या दफ्तराकडे वळलो.

पूर्वजांच्या शोधाला निघालेला आपल्याकडचा गृहस्थ सहसा दोन दारे ठोठावतो. एक देवस्थानच्या महाजनांच्या यादीचे, दुसरे त्र्यंबकेश्वर किंवा गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे. दोन्हीकडे मुख्यत्वे बापामागून मुलगा असाच क्रम भेटतो. मृत्युपत्रे धुंडाळण्याचे कोणाच्या मनात येत नाही, आणि त्याला कारणही आहे. आपल्या धर्मशास्त्रात मृत्युपत्राला जवळजवळ स्थानच नव्हते. एकत्र कुटुंबात मरणाऱ्याचा हिस्सा मागे राहणाऱ्यांत मिसळून जाई. पुढे मुंबईत इंग्रजांच्या न्यायालयांनी हिंदूंची मृत्युपत्रे मान्य केली व १८७० च्या हिंदू मृत्युपत्रांच्या कायद्याने त्यांना प्रोबेटची चौकट घातली. योगायोग असा की, त्याच वर्षी १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात अमलात आली.

या दोहोंत भेद मोठा. मुंबईचा गृहस्थ आपल्या स्वकष्टार्जित मिळकतीच्या मृत्युपत्रात हवी तेवढीच नावे घेऊ शके. गोव्यात ती मोकळीक नव्हती. पत्नी साधारणतः निम्म्या मालमत्तेची मालकीण; उरलेल्या निम्म्यातही मुलांचा राखीव भाग असे. तो पूर्वी दोन-तृतीयांश होता, १९१० मध्ये अर्धा झाला. मुले म्हणजे मुलगे तसेच मुलीही. मृताची मुले अज्ञान असली तर न्यायालयात ‘इन्व्हेंतार’ करणे अनिवार्य होते. त्यात कुटुंबप्रमुखाने शपथेवर प्रत्येक वारसाचे नाव, वय आणि विवाहस्थिती सांगायची, व मिळकतीची यादी द्यायची. म्हणून ज्या घरावर अकाली मरण कोसळले, त्याच घराचे कागद अधिक तपशिलाचे. दैवाने ज्याला छळले, त्याला दफ्तराने जपले!

हे कागद वाचायचे म्हणजे आधी डोळ्यांना सवय लावावी लागते. पोर्तुगीज लेखनिकाच्या लेखणीतून उतरताना शेणव्याचा ‘सिनाय’ होतो, कामताचा ‘कामोतीम’, प्रभूचा ‘पोरोब’. आपलेच आडनाव आपल्याला परके वाटू लागते. आम्ही तीन दिवस ते पुटपुटत बसलो, तेव्हा कोठे खापरपणजोबांच्या इन्व्हेंताराची गाठ पडली. ते गेले तेव्हा आमचे पणजोबा तेरा वर्षांचे होते. पणजोबांना बहीण नव्हती, असे आम्ही घरी नेहमी ऐकत आलो होतो.

वारसांच्या यादीत पहिले नाव एका मुलीचे होते. वय एकोणीस, विधवा, वास्तव्य पित्याच्या घरी. त्याच प्रकरणात नोतारापुढे केलेल्या लेखाची एक प्रत शिवलेली होती. त्यान्वये तिने आपला हिस्सा धाकट्या भावाच्या हितासाठी सोडून दिला होता. खाली तिची सही नव्हती. लिहिता येत नसल्यामुळे तिच्या विनंतीवरून दुसऱ्या एका इसमाने सही केली, एवढा शेरा होता.

आम्ही तो कागद पुनःपुन्हा वाचला. तिच्याजवळ घेण्यासारखे काही होते, म्हणूनच कायद्याला तिचे नाव लिहावे लागले. ज्या लेखाने तिचा हक्क गेला, त्याच लेखात ती उरली.

मग आजीची एक आठवण मनात वर आली. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा माजघरात केस उतरविलेली एक वृद्धा असे. श्रावणात, म्हार्दोळला महालसेच्या जायांच्या पूजेसाठी, ती पहाटेपासून कळ्यांचे हार ओवी. स्वतः मात्र एक फूलही माळीत नसे. आजी तिला केवळ ‘म्हातारी’ म्हणे. नाव आम्ही कधी विचारले नाही.

घरी परतलो तेव्हा मेजावर आम्हीच तयार केलेला हक्कत्यागाचा मसुदा होता. आज असे लेख २०१२ च्या गोवा वारसा कायद्यान्वये विशेष नोटरीपुढे होतात; परंतु रीत जुनीच. आमची धाकटी बहीण रविवारी आली आणि चहाचा पेला खाली ठेवून सहजपणे म्हणाली, “दादा, सय खंय मारूं तें सांग.”

ती पदवीधर आहे, बँकेत अधिकारी आहे. तिच्या वतीने सही करायला कोणी नको होता. पण मसुदा तिने वाचला नव्हता, आणि तो वाचून दाखविण्याची आम्हांलाही आवश्यकता वाटली नव्हती. अशिलांना आम्ही प्रत्येक कलम समजावून सांगतो, बहिणीला नाही. आम्ही मसुदा तिच्या हाती दिला, तिचा वाटा किती तो सांगितला, जुन्या कागदाची नक्कल पुढे ठेवली आणि म्हटले, “आठवडाभर विचार कर. मग काय ते सांग.”

तिने विचार केला. कुळागराचा वाटा सोडला, घरातला ठेवला. धाकट्या बंधूंस ते रुचले नाही. यंदा चतुर्थीला पंगतीत ते थोडे अबोल होते. आम्हांलाही प्रारंभी किंचित खुपले, हे लपवून काय उपयोग? औदार्य दुसऱ्याने दाखवावे, ही अपेक्षा फार जुनी असते.

त्याच चतुर्थीला आम्ही देवघरातील वंशावळ खाली उतरविली. पणजोबांच्या नावाशेजारी, किंचित वरच्या अंगाला, कारण ती थोरली, एक नाव लिहिले. काकांनी चष्मा वर सारून विचारले, “मुलींची नावे वंशावळीत कशाला? त्यांचे कूळ वेगळे.” आम्ही वकिली उत्तर दिले: “दफ्तरात नोंद आहे, काका.” त्यांनी क्षणभर ते नाव वाचले आणि म्हणाले, “जायांचे हार करायची, तीच का ही?”

त्यांनाही ती ठाऊक होती. नाव तेवढे ठाऊक नव्हते.